सही ओळखणारा माणूस

बँकेच्या नोकरीत उमेदीची बरीच वर्षे मी चेकवरच्या सह्या नमुना-कार्डाशी ताडून पाहण्यात घालवली. एखादे वळण चुकले, की चेक परत! कार्ल लँडस्टायनर मला जवळचा वाटतो तो यामुळेच असावा.

आपण त्याला ओळखतो रक्तगटांमुळे. जन्म १८६८ चा, ऑस्ट्रियातला. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवले. १९०१ साली त्याने रक्ताचे गट वेगळे करून दाखवले आणि १९३० चे नोबेल मिळवले. पण त्याचा खरा जीव अडकला होता दुसऱ्याच प्रश्नात. रक्तातली प्रतिपिंडे परका पदार्थ ओळखतात, ते किती बारकाईने?

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात खायचे वांधे झाले. १९१९ साली हा नावाजलेला माणूस हेगच्या एका लहान रुग्णालयात लघवी-रक्त तपासायला गेला. पन्नाशी उलटल्यावर! आमच्याकडे एवढ्यावर लोक खचतात, किंवा निदान रजेवर तरी जातात. याने तिथेही आपला खटाटोप सोडला नाही. प्रथिनाला एक लहानसे रसायन जोडायचे, ते सशाला टोचायचे आणि सशाच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांची परीक्षा घ्यायची. रेणूच्या कड्यावरचा अणूंचा गट एक घर जरी सरकला, तरी प्रतिपिंडांना तो फरक कळे. १९२३ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हेच काम पुढे चालले. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी तो गेला.

परवा भाचीने तिच्या प्रयोगशाळेत मला बोटाएवढी कुपी दाखवली. आत प्रतिपिंडे होती. पेशीत निरोप पोचवताना काही प्रथिनांवर फॉस्फेट चिकटते, काम झाले की निघते. काही कर्करोगांत मात्र हा निरोप थांबतच नाही. कुपीतली प्रतिपिंडे फॉस्फेट लागलेलेच प्रथिन पकडतात. तेच प्रथिन फॉस्फेटविना समोर आले, तर ओळखही दाखवत नाहीत. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८१ साली अशी प्रतिपिंडे मिळवली, तीही फॉस्फेटसारखे रसायन प्रथिनाला जोडून. म्हणजे रीत लँडस्टायनरचीच की!

मी भाचीला त्याचे नाव विचारले. रक्तगटवाला ना, म्हणत तिने कुपी पुन्हा बर्फात ठेवली.