वर्गाबाहेर काढलेला मुलगा : कर्मवीर भाऊराव पाटील



आपल्या मुलाविषयी शाळेतून तक्रार आली की आपण काय करता? वडील भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले असतात. डोळ्यांवर झोप असते. मग एक तर पोराच्या पाठीत धपाटा बसतो, नाही तर शिक्षकाला नावे ठेवली जातात. आम्ही शिक्षकही फार शहाणे आहोत असे नाही. एका दांडगट मुलाला मी लागोपाठ तीन दिवस वर्गाबाहेर उभे केले. चौथ्या दिवशी तो शाळेतच आला नाही. संध्याकाळी इंद्रायणीच्या काठी दगड भिरकावीत बसलेला सापडला. त्याला घरी पोचवताना ज्या थोर पुरुषाचे चरित्र मनात घोळत होते, ते आज आपणांपुढे ठेवतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आपणांस ठाऊक आहे. त्यांचे कार्यही थोडेफार ठाऊक असेल. पण हा मनुष्य विद्यार्थी म्हणून कसा होता, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. स्पष्टच सांगायचे तर आजच्या कोणत्याही मुख्याध्यापकाला तो डोकेदुखीच वाटला असता.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्या फार. मुलाचे लक्ष पुस्तकापेक्षा कुस्तीत आणि पोहण्यात. अस्पृश्यांना विहिरीचे पाणी नाकारलेले पाहून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या बालपणाची एक हकीगत सांगतात. वाचकहो, आपल्या मुलाने असे काही केले, तर तक्रार एवढीच येईल की रहाट मोडला. का मोडला, हे कोण विचारणार?

पुढे त्यांना इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात केली. बोर्डिंगाचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे हे मोठे विद्वान गृहस्थ, शिस्तीचे कडक. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्याचा नियम त्यांनी साफ धुडकावला. बोर्डिंगातून नाव कमी झाले. अशा वेळी छत्रपती शाहू महाराजांनी या मुलाला आपल्याकडे आसरा दिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याला कोणी ठेवून घेत नाही, त्याला एक तरी दार उघडे मिळाले.

म्हणून लगेच सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. अभ्यासाची हेळसांड चालूच होती. इंग्रजी सहावीत ते नापास झाले. महाराजांनी शब्द टाकूनही मुख्याध्यापकांनी वर चढवले नाही. माझ्या मते मुख्याध्यापकांचे बरोबरच होते. मुलाला आधार देणे म्हणजे त्याला फुकटचे गुण वाटणे नव्हे. शाळा तेथेच सुटली. पुढे साताऱ्यास ते शिकवण्या घेऊ लागले आणि नापास झालेला हा मुलगा पाटील मास्तर झाला!

आता खरी गोष्ट ऐका. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशय लठ्ठे यांच्यावर घेतला गेला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना अटकेत ठेवून त्यांचा छळ झाला. ज्यांनी आपल्याला बोर्डिंगातून काढले, त्यांचा सूड उगवण्याची आयती संधी होती. भाऊरावांनी अखेरपर्यंत साक्ष दिली नाही. बोर्डिंगाच्या वहीत बेशिस्त ठरलेल्या मुलाच्या अंगी हे होते. ते कोणत्या प्रगतिपुस्तकात लिहिले गेले होते?

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. हिंदू, मुसलमान, जैन, अस्पृश्य मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. भाऊरावांना आसरा देणाऱ्याचेच नाव! धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले.

या वसतिगृहात मुलांना नुसते गप्प बसवून ठेवीत नसत. स्वयंपाक, झाडलोट, शेतातील खणणे-पेरणे सारे मुलांनी करायचे. पुढे याचेच नाव कमवा आणि शिका असे पडले. अंगात रग असलेल्या पोराला हाताला काम आणि डोक्यावर जबाबदारी मिळत असे. मी माझ्या त्या दांडगट मुलाला वर्गाच्या पाण्याच्या पिंपाची व्यवस्था दिली. पहिल्याच आठवड्यात त्याने पिंप दोनदा सांडले. काम मात्र मी काढून घेतले नाही.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी पुण्यात निवर्तले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते आणि इंग्रजी सहावी नापास झालेल्या या गृहस्थाला पुणे विद्यापीठाने सन्मानाची डी. लिट. दिली होती. पिंपरीचे महात्मा फुले महाविद्यालय त्यांच्याच संस्थेचे आहे. त्या बाजूला गेलात, तर मुलाला बरोबर घ्या. संस्थेच्या चिन्हातील वडाचे झाड त्याला दाखवा, आणि येता येता विचारा की बाबा रे, त्या दिवशी वर्गात नेमके काय झाले होते.