जिथे रस्ता संपतो, तिथून पुढे...

हॉस्टेलवर रात्री एक वाजता ठरलेले प्लॅन सकाळच्या पहिल्या लेक्चरपर्यंत टिकत नाहीत. लडाख, भूतान, फारच रंगात आलो तर थेट लंडन! पण १९३२ साली एका तेवीस वर्षांच्या मुलाने असाच एक प्लॅन बोलून दाखवला आणि तो पूर्णही केला. त्याचं नाव रॉबर्ट एडिसन फुल्टन ज्युनियर. नावात फुल्टनही आणि एडिसनही, म्हणजे इंजिनिअर होण्यावाचून सुटकाच नव्हती!

जन्म १५ एप्रिल १९०९, न्यूयॉर्क. हार्वर्डची पदवी घेऊन तो व्हिएन्नात आर्किटेक्चर शिकला. परतीच्या वाटेवर लंडनमध्ये एका मेजवानीत कुणीतरी विचारलं, अमेरिकेला कधी निघणार? हा सहज बोलून गेला की मी मोटरसायकलवरून जगाला फेरी मारून जाणार. नेमका त्याच टेबलावर डग्लस मोटरसायकल कंपनीचा माणूस बसला होता. त्याने गाडीच देऊ केली. आता माघार कशी घेणार?

युरोप, तुर्कस्तान, इराक, मग आपला हिंदुस्थान, पुढे सुमात्रा, जावा, मलाया, सयाम, चीन आणि जपान. तुर्कस्तानात एक रात्र तुरुंगात काढली, सरहद्दीवर पठाणांच्या गोळ्या चुकवल्या. १९३३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो न्यूयॉर्कला घरी पोचला. १९३७ मध्ये या प्रवासावर त्याचं पुस्तकही आलं.

मला मात्र त्या गोळ्यांपेक्षा बंदरं जास्त महत्त्वाची वाटतात. जावा-सुमात्रा ही बेटं, आणि जपान ते अमेरिका म्हणजे अख्खा पॅसिफिक! तिथे गाडीची ताकद काय कामाची? गाडी बोटीवरच चढवावी लागते. आपल्यापैकी काहींनी घरून गाडी रेल्वे पार्सलने आणली आहे. पेट्रोल काढा, गोणपाटात गुंडाळा, कागद दाखवा. बोटीचंही तसंच, फक्त मोठ्या प्रमाणावर. टाकी रिकामी करायची, बॅटरीच्या वायरी सोडायच्या, पुढचं चाक काढून गाडी लाकडी खोक्यात बसवायची. समुद्रमार्गे भाडं बहुधा आकारमानावर लागतं, म्हणून खोकं जितकं लहान तितके पैसे वाचतात. शिवाय अनेक देशांत 'कार्ने' लागतो, म्हणजे गाडीचा पासपोर्टच. गाडी तिथे विकणार नाही, परत नेणार, याची ती हमी.

मी म्हसवडचा. आमच्याकडे समुद्र सोडाच, माणगंगेला पाणी दिसलं तरी लोक पुलावर बघायला जमतात. पण दूर जाणं आमच्या भागाला नवीन नाही. मेंढरं घेऊन चाऱ्यामागे महिनोन्महिने फिरणारी माणसं इथलीच, आणि शेजारच्या आटपाडी-विट्याकडचे गलाईवाले तर देशभर पसरले. त्यामुळे घर सोडण्याचं मला भय नाही. अडचण पुढची आहे. वाट संपली की काय?

फुल्टनचं पुढचं आयुष्य मला याच प्रश्नाचं उत्तर वाटतं. दुसऱ्या महायुद्धात त्याने विमानातल्या तोफचींना शिकवणारं यंत्र बनवलं. त्यासाठी विमानाने गावोगाव फिरताना लक्षात आलं, की विमान उतरलं तरी पुढे जायला गाडी नाही. मग त्याने 'एअरफिबियन' बनवलं. पंख आणि शेपूट सोडून ठेवलं की विमानाची मोटार! १९५० मध्ये तिला अमेरिकन सरकारचं प्रमाणपत्रही मिळालं, पण पैसा लावणाऱ्यांशी जमलं नाही आणि धंदा बुडाला. त्यानंतर 'स्कायहुक'. जमिनीवरच्या माणसाला दोर बांधायचा, दोराचं वरचं टोक फुग्याने आकाशात चढवायचं आणि उडत्या विमानाने तो दोर पकडून माणसाला वर ओढायचं. १९५८ मध्ये पहिला जिवंत माणूस असा उचलला गेला.

गाडी आणि बोट, विमान आणि मोटार, जमीन आणि आकाश. हा माणूस आयुष्यभर दोन प्रवासांमधला सांधाच जोडत राहिला. ७ मे २००४ रोजी, ९५ व्या वर्षी तो गेला.

घरी आमच्या अण्णांचं म्हणणं, आधी नोकरी, मग काय फिरायचं ते फिर. त्यांचं चूक नाही. पण फायनल इयरचा प्रोजेक्ट निवडायचा आहे आणि मी ठरवलंय, मोटरसायकलसाठी घडी होणारी, पुन्हा पुन्हा वापरता येणारी पेटी. गाईड सरांना विषय सांगून झालाय. आता माघार कशी घेणार?

- तृतीय वर्ष, मेकॅनिकल