साधेपणाची लाज घालवणारे नाना पाटील



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरोघरी खर्चाची जुळवाजुळव सुरू होते. रंगरंगोटी, नवे कपडे, फराळ, केक. आणि नाताळ सरतो न सरतो तोच लग्नसराई. याच आगमनकाळात, ६ डिसेंबरला, क्रांतिसिंह नाना पाटील यांची पुण्यतिथी येते. या दिवसांत त्यांची आठवण आपण जरूर करावी.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. त्यांचे गाव येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. तलाठ्याची नोकरी सोडून ते १९३० च्या कायदेभंगात उतरले. १९४२ च्या लढ्यात त्यांनी सहकाऱ्यांसह प्रतिसरकार उभे केले आणि १९४६ पर्यंत ते भूमिगत राहिले.

प्रतिसरकारची न्यायमंडळे आणि तूफान सेना आपल्याला ठाऊक आहेत. गांधी-विवाहाची आठवण मात्र कमी निघते. त्या काळी मुलीच्या लग्नासाठी शेतकरी सावकाराचे दार गाठी. जेवणावळीत, मानपानात कमी पडलो तर भावकी काय म्हणेल, या धास्तीने जमीन गहाण पडे. लग्न एका दिवसाचे, कर्ज मात्र पुढच्या पिढीपर्यंत! गांधी-विवाहात हुंडा नाही, थाट नाही. वधूवरांनी एकमेकांना हार घालावेत आणि गावाने आशीर्वाद द्यावा.

गरिबाने एकट्याने असे लग्न केले असते तर ऐपत नाही म्हणून लोक हसले असते. पण चळवळीतली मानाची माणसेच तसे करू लागली, तेव्हा साधेपणाला प्रतिष्ठा आली.

पुढे नाना कम्युनिस्ट पक्षातर्फे १९५७ मध्ये साताऱ्यातून व १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले. १९७६ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या चर्चमध्येही कुणी शेजाऱ्याकडे पाहून उसनवारी करून सण साजरा करीत असेल. त्याला काटकसरीचा उपदेश करून भागणार नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनीच यंदा आधी हात आखडता घ्यावा. फराळाचे दोनच पदार्थ करावेत, गेल्या वर्षीचाच चांगला पोशाख घालून मिस्साला यावे. मरिया आणि योसेफ यांच्याकडे बाळासाठी पाळणासुद्धा नव्हता. तरीही मेंढपाळ आनंदाने परतले.