हार्लेमची घड्याळजी

हॉस्टेलवर काही वर्षं काढली की एक गोष्ट पक्की कळते. मेसचं पाणचट वरण माणूस विसरतो, पण वर्मी लागलेला शब्द विसरत नाही. एकाच विंगमध्ये राहून तीन-तीन सेमिस्टर एकमेकांशी न बोलणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. म्हणून यंदा मी एखाद्या शास्त्रज्ञाऐवजी एका घड्याळजीवर लिहायचं ठरवलं.

कोरी टेन बूमचा जन्म १८९२ चा, हॉलंडमधला. हार्लेम शहरात तिच्या आजोबांनी १८३७ मध्ये घड्याळांचं दुकान काढलं होतं. वडील कास्पर यांच्या हाताखाली कोरी काम शिकली आणि १९२२ मध्ये घड्याळजीचा परवाना मिळवणारी हॉलंडमधली पहिली स्त्री ठरली. घरात रोज बायबलचं वाचन ठरलेलं.

१९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड घेतलं आणि ज्यूंची धरपकड सुरू झाली. टेन बूम कुटुंबाने त्यांना आसरा दिला. कोरीच्या खोलीत खोटी भिंत उभारून मागे जेमतेम दोन-अडीच फुटांची जागा काढली. भिंत लाकडाची नव्हे, विटांची. ठोकली तर पोकळ आवाज येऊ नये म्हणून! सिव्हिलवाल्यांनी दाद द्यावी असं काम.

पण त्यांच्याच देशातल्या एकाने खबर दिली. २८ फेब्रुवारी १९४४ ला धाड पडली. भिंतीमागचे सहाजण सापडले नाहीत, घरचे मात्र पकडले गेले. ८४ वर्षांचे कास्पर दहाच दिवसांत कैदेत वारले. कोरी आणि थोरली बहीण बेट्सी रावेन्सब्रुकच्या छळछावणीत पोचल्या. तिथे लपवून नेलेलं बायबल त्या इतर बायकांना वाचून दाखवत. बराकीत पिसवा इतक्या, की पहारेकरी आत पाऊल टाकत नसत, म्हणून वाचन चालू राहिलं. डिसेंबरात बेट्सी गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत कोरी सुटली, तीही एका कारकुनी चुकीमुळे.

युद्ध संपल्यावर छावण्यांतून परतलेल्यांसाठी तिने घर चालवलं. तिथे तिला दिसलं, की ज्यांना क्षमा करणं जमलं ते पुन्हा उभे राहिले. ज्यांनी कडवटपणा जपला ते तसेच खचलेले राहिले. खबर देणाऱ्यालाही तिने क्षमा केल्याचं पत्र लिहिलं.

खरी परीक्षा १९४७ मध्ये म्युनिकला झाली. चर्चमध्ये क्षमेवर बोलून झालं आणि समोर रावेन्सब्रुकचा एक पहारेकरी उभा राहिला. तो आता ख्रिस्ती झाला होता. तिला त्याने ओळखलं नाही, पण तिने ओळखलं. त्याने क्षमा मागून हात पुढे केला. कोरीला बेट्सी आठवली आणि तिचा हात काही केल्या उठेना. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण इतरांना क्षमा करतो तशी देवाने आपल्याला करावी असं मागणं आहे, हे तिला पाठ होतं. मनात क्षमेचा टिपूस नव्हता. तेव्हा तिने देवाकडे एवढंच मागितलं, की हात मी उचलते, भावना तू दे. हात हातात गेल्यावर मन वितळलं, असं तिने पुढे लिहिलं.

मला मात्र नंतरचा प्रसंग जास्त भावतो. पुढे तिच्या जवळच्याच काही ख्रिस्ती मित्रांनी तिला दुखावलं. छावणीच्या पहारेकऱ्याला क्षमा करणारी ही बाई त्या रागाने रात्र-रात्र तळमळत राहिली! तेव्हा एका पाळकाने तिला चर्चच्या घंटेचा दाखला दिला. दोरी सोडली तरी घंटा थोडा वेळ वाजतच राहते, मग हळूहळू थांबते. राग परत आला म्हणजे क्षमा खोटी होती असं नाही. फक्त दोरी पुन्हा ओढू नये. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर हे डॅम्पिंग! बाहेरून फोर्स देणं बंद केलं की कंपनं आपोआप विरतात.

क्षमा केली म्हणून कोरीने छावणीतला अन्याय लपवला नाही. साठाहून अधिक देशांत फिरून तिने तो सांगितला. १९६७ मध्ये इस्राएलच्या याद वाशेमने तिचा गौरव केला. १५ एप्रिल १९८३ ला, आपल्या ९१ व्या वाढदिवशीच ती गेली. दुकानावरच्या त्या घरात आज संग्रहालय आहे आणि भिंतीमागची जागाही तिथे बघता येते.

आपली भांडणं तिच्यापुढे किती लहान! पण दोरी तीच, आणि ती सोडायची आपल्यालाच.