संत गोन्सालो गार्सिया : प्रेमात वाढलेले जीवन



नागलीचे पीक आले की नाही, हे रोप किती हिरवे दिसते यावरून ठरत नाही. कणसात दाणा भरला का, यावरून ठरते. आध्यात्मिक जीवनाचेही तसेच आहे. रोजरी, उपवास, रविवारची मिस्सा हे सर्व हवेच. पण त्यातून माणसांवरचे प्रेम वाढले का, ही खरी खूण. आपल्याच पालघर जिल्ह्यातील वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांच्या जीवनात आम्हाला ही खूण दिसते.

त्यांचा जन्म 1556 च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय फादरांकडे ते शिकले आणि पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी आत्मसात केली आणि अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

पुढे ते व्यापारात पडले. जम बसला, पैसाही मिळाला. पण मनातली हाक थांबली नाही. सर्व सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले. ज्याला एका दारातून परत पाठवले, तो कडवट न होता सेवेसाठी दुसरे दार शोधतो, ही प्रेमाची वाढच नव्हे काय?

1593 मध्ये फादर पेद्रो बाप्टिस्टा यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. क्योटो शहरात या फ्रान्सिस्कन बंधूंनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवले. ज्यांना घरच्यांनीही दूर केले होते, त्यांची त्यांनी सेवा केली.

1596 च्या अखेरीस राज्यकर्ता हिदेयोशी याच्या हुकमाने त्यांना अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन हिवाळ्यात, नागासाकीपर्यंत शेकडो किलोमीटर नेण्यात आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

आपल्याला कोणी क्रुसावर चढवणार नाही. आपली परीक्षा वेगळी आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची चूल पेटली का, हे कोण पाहते? वावर-वांगणीत 1992 मध्ये कुपोषणाने बालके दगावली, हे आपण विसरू शकत नाही. शेजारचे मूल अंगणवाडीत जाते का, त्याचे वजन घटते आहे का, याची चौकशी करणे हेही भक्तीचेच काम आहे. मग ते मूल आपल्या धर्माचे, आपल्या जमातीचे असो वा नसो. गोन्सालो परक्यांची भाषा शिकले; आपण निदान बांधावरून अबोला धरलेल्या भावाशी दोन शब्द बोलू या.

6 फेब्रुवारीला त्यांचा सण असतो. त्या दिवसाची वाट न पाहता या आठवड्यात प्रत्येक घराने एका एकट्या माणसाची भेट घ्यावी, अशी आम्ही विनंती करतो.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हासाठी विनंती कर.