कै. नारायण वामन टिळक : तुकोबांच्या वाटेने गेलेला ख्रिस्तभक्त

या पानांवर आम्ही संतांची आणि हरिभक्तांची चरित्रे देत असतो. या खेपेस ज्यांचे चरित्र देत आहोत त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ नव्हती आणि आषाढीच्या दिंडीतही ते कधी चालले नाहीत. ते ख्रिस्ती होते, आणि तेही जन्माने नव्हे. कोकणातल्या चित्पावन ब्राह्मणाच्या घरी जन्मून, शास्त्र पढून, भरल्या संसारात ते ख्रिस्ती झाले. टिळक म्हटले की पुष्कळांस लोकमान्य आठवतात. हे ते नव्हेत. फुलांवरच्या आणि मुलांवरच्या ज्यांच्या कविता मराठी शाळांतून मुलांनी पिढ्यान् पिढ्या पाठ केल्या, ते हे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

मग वारकऱ्यांच्या मासिकात ते कशाला, असे कोणी विचारील. तर त्याचे कारण असे की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो, हे टिळकांनीच सांगून ठेवले आहे. ते ऐकून कोणाला अभिमान वाटेल, कोणाला रागही येईल. तो ज्याचा त्याचा प्रश्न. आम्हांला मात्र या चरित्राची ओढ लागली ती निराळ्याच कारणाने. दुःख येते तेव्हा माणूस देवाला कसा धरून राहतो, आणि एकाच्या त्या धरून राहण्याची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाला किती मोजावी लागते, हे या घरात जसे उघड दिसते तसे फार थोड्या घरांत दिसते.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने अतिशय तापट. आई जानकीबाई मायाळू, भाविक, आणि पदे-गाणी रचणारी. पोराचा सगळा जीव आईवर. ती माउली नारायण अकरा-बारा वर्षांचा असताना गेली आणि पोराचे घर संपले. तो बाहेर पडला. नाशिकास राहून संस्कृत शिकला, थोडे इंग्रजी शिकला, कविता करू लागला. १८८० च्या सुमारास लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय अकरा. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. मराठी वाचकांना माहीत असलेल्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच.

संसार कसला, ती वणवण होती. टिळक आज या गावी, उद्या त्या गावी. नोकरी धरायची, सोडायची. हातात पैसा आला की वाटेत भेटेल त्या गरजवंताला देऊन मोकळे. घरी चूल पेटायची की नाही याची काळजी बाईने करायची. राग तर असा की नाकावरच असायचा. आम्ही हे झाकून ठेवीत नाही, कारण लक्ष्मीबाईंनीही झाकले नाही. पोटची लेकरे लहानपणी गेली, ते दुःखही याच दिवसांतले. पुढे दत्तू झाला, तो जगला.

नागपूरला आप्पासाहेब बुटी या धनिकांच्या आश्रयाने टिळक संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. ऋषि नावाचे मासिकही त्यांनी तिथे चालवले. डोक्यात एकच घोळ : या देशाचे कल्याण कशाने होईल, आणि जातीपातीच्या भिंती पाडील असा धर्म कोणता? १८९३ साली ते रेल्वेने राजनांदगावला निघाले असता डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गोष्टी निघाल्या, कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराचे पुस्तक त्यांच्या हाती दिले. टिळकांनी ते वाचायला घेतले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, आणि तिथे त्यांचे मन जे गुंतले ते गुंतलेच. दीड-दोन वर्षे आतल्या आत घालमेल चालली. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता त्या दिवसांत लक्ष्मीबाईंचे काय झाले ते पाहा. वय सव्वीस-सत्तावीस, पोटाशी अजाण दत्तू. नवरा जिवंत असून मेल्यासारखा. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात ब्राह्मणाचा ख्रिस्ती होणे म्हणजे घराला सुतक लागण्यापेक्षा वाईट. सुतक दहा दिवसांनी फिटते तरी. बाईला अन्न जाईना, झोप लागेना. नातलगांनी तिला सांभाळले, आणि त्या ताटातुटीच्या दिवसांत काही काळ ती राहिली ती कुठे म्हणाल, तर आपल्या पंढरपुरात. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला गलबलून आले. आपण आषाढी-कार्तिकीला ज्या वाळवंटात टाळ कुटतो, भेटतो, एकमेकांच्या पाया पडतो, त्याच गावी ही बाई नवऱ्याच्या धर्मांतराचे दुःख गिळीत दिवस काढीत होती. लिहिणे-वाचणे बेताचेच, तरी त्या दुःखातूनच तिच्या तोंडून कविता येऊ लागल्या.

आणि टिळक? ते नगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मिशनच्या आश्रयाला एकटे. जात गेली, गोत गेले, बायको आणि मूल डोळ्यांआड. ज्या देवासाठी हे सर्व सोडले त्याच्यावर भार टाकून बसण्यावाचून हाती दुसरे काही नव्हते. या देवाला ते कोणत्या नात्याने हाक मारीत? ख्रिस्ताला त्यांनी राजा म्हटले, गुरू म्हटले, पण जिव्हाळ्याची हाक माउली हीच. लहानपणी जी माय गेली ती त्यांना इथे सापडली असावी, असे आम्हांला वाटते. विठोबाला आणि ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण दोन्ही वाटा एकच, असे गुळमुळीत आम्ही म्हणणार नाही. आपण दुःख आले की प्रारब्ध म्हणतो, भोगून संपवायचे म्हणतो, आणि पांडुरंग पाठीशी आहे म्हणून भोगायला बळ येते असे मानतो. टिळकांच्या नव्या धर्मात पूर्वजन्माचा हिशेब नाही. तिथे बापाच्या इच्छेवाचून चिमणीसुद्धा जमिनीवर पडत नाही, आणि तो बाप दुरून दुःख पाहत बसलेला नाही, तर पुत्ररूपाने स्वतःच क्रूसावर खिळे सोसून गेला आहे. म्हणून दुःख का आले या प्रश्नाचे उत्तर भक्ताला मिळेलच असे नाही. मिळते ती सोबत. टिळकांच्या भजनांतून हा सूर पुन्हा पुन्हा लागतो. तुकोबांच्या घरी दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, आणि त्यातून ते विठ्ठलाशी जे भांडले, रुसले आणि शेवटी विसावले, ते टिळकांना लहानपणापासून ठाऊक होते. दुःखात देवाशी कसे बोलावे हे ते तुकोबांकडून शिकून गेले होते. देव बदलला, पण बोलण्याची रीत तीच राहिली.

इथे एक गोष्ट मनात सलते ती बोलून टाकतो. तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसत तेव्हा भाकरी घेऊन डोंगर चढणारी जिजाई आपल्या कीर्तनांतून पुष्कळदा चेष्टेचा विषय होते. कजाग म्हणून तिला हसतात. टिळकांनी देवावर भार टाकला, उत्तम केले. पण त्या भाराचा निम्मा बोजा लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर होता, आणि तो घेतेस का असे तिला कोणी विचारले नव्हते. विरक्ताच्या विश्वासाचे पोवाडे गाताना विरक्ताच्या घरी तांदूळ कोण निवडीत होते, हे कीर्तनकारांनी एकदा तरी सांगावे.

टिळकांच्या पदरी एक पुण्य मात्र घातले पाहिजे. त्यांनी बायकोवर बळजबरी कधी केली नाही. पाच वर्षांच्या आसपास ताटातूट झाल्यावर ती नगरास आली तेव्हा तिचे सोवळे, तिचे पाणी, तिचा स्वयंपाक यांची निराळी सोय त्यांनी लावून दिली. आपला देव तिला गाठील तेव्हा गाठील, आपण ओढायचे नाही, असे त्यांचे धोरण. रागीट माणसाला इतका धीर कुठून आला, याचे आम्हांला नवल वाटते. आणि झाले ते असे की नवऱ्याच्या व्याख्यानाने नव्हे, तर स्वतःच विचार करता करता बाईच्या मनाने घेतले की ही उच्चनीच जात देवाने केलेली नव्हे, माणसाने केलेली आहे. ज्या दिवशी हे पटले त्या दिवशी कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला ती मोकळी झाली. १९०० साली तिचाही बाप्तिस्मा झाला. आपल्या चोखोबांना महाद्वाराबाहेर थांबावे लागले, आणि साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले तेव्हा कुठे पंढरीचे मंदिर सर्वांना उघडले. तेव्हा या बाईने जो विचार केला त्याबद्दल तिला बोल लावण्याआधी आपण आपल्याच दाराकडे पाहावे हे बरे.

त्याच सुमारास, १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ, आणि प्लेग तर होताच. उभयतांनी अनाथ पोरे घरात घेतली, प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा केली. जवळची माणसे रोग्याला टाकून पळत त्या दिवसांतली ही गोष्ट. देवाची कृपा म्हणजे काय ते इथे आम्हांला पुस्तकापेक्षा अधिक कळते. ज्यांचे घर एकदा मोडले होते, त्यांचेच घर आता दुसऱ्यांच्या पोरांनी भरले.

१९०४ मध्ये टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरास ते ख्रिस्ती धर्मशाळेत शिकवीत, १९१२ पासून ज्ञानोदय पत्राचा मराठी भाग पाहत. साहेबी चालीची गाणी मराठी गळ्याला शोभत नाहीत, हे जाणून त्यांनी अभंग, पदे, भजने शेकड्यांनी रचली. मराठी ख्रिस्ती देवळांत ती टाळ-पेटीवर आजही म्हटली जातात. जाता जाता सांगतो : याच मिशनचे रेव्हरंड अ‍ॅबट यांनी पुढे महीपतीबुवांचा भक्तविजय आणि तुकोबांचे चरित्र इंग्रजीत नेले. म्हणजे त्या पुलावरून रहदारी दोन्ही बाजूंनी होती.

त्यांच्या घरी राहिलेला एक तरुण कवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्या घरच्या मायेत काही उणे पडले नाही. ५ मे १९१८ रोजी रेल्वेखाली सापडून हा पोरगा सत्ताविसाव्या वर्षी गेला. ज्यांनी पोटची पोरे पोहोचवली होती, त्यांना हेही पाहावे लागले.

त्याआधी १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला होता. साताऱ्यास देवाचा दरबार नावाची मंडळी काढली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जो कोणी ख्रिस्ताला गुरू मानील तो त्यात. स्वतःला ते आता संन्यासी म्हणवीत. वय पंचावन्न, प्रकृती खालावलेली, घरात साठवलेला पैसा म्हणून नाही. लक्ष्मीबाई या खेपेसही बरोबर होत्या. फरक एवढाच की यावेळी त्यांना मागे टाकून कोणी गेले नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांनी देह ठेवला.

ख्रिस्ताचे चरित्र ओवीत सांगणारा ख्रिस्तायन नावाचा ग्रंथ त्यांनी १९०९ साली हाती घेतला होता. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी तीनशे वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, ख्रिस्तपुराण ओवीतच छापले होते. त्याच जातीचे हे काम, पण टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्यायांपलीकडे गेले नाही. बायकोला अक्षरे शिकवावीत म्हणून त्यांनी एकेकाळी किती खटपट केली होती! आता त्या बाईने ते बाड पुढ्यात ओढले. नवऱ्याने जिथे सोडले तिथून तिने एकामागून एक चौसष्ट अध्याय लिहिले. मध्येच आपल्या आठवणी, स्मृतिचित्रे, लिहून काढल्या, ज्यांत नवऱ्याची थोरवी आहे आणि त्याने केलेला छळही आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा अध्याय दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, लिहून पुरा केला, आणि १९३८ साली ख्रिस्तायन छापून निघाले.