आनंदीबाई जोशी
आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. ४ जून १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या १८ व्या वर्षी, त्या पतीविना न्यूयॉर्कला पोहोचल्या. तोवर केवळ पत्रांतून परिचित असलेल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना न्यू जर्सीतील रोझेल येथे आपल्या घरी नेले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. तो उन्हाळा सुखात गेला. खरी कसोटी ऑक्टोबरात, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्यावर लागली. शाकाहार त्यांनी सोडला नाही. नऊवारीऐवजी मात्र पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी पत्करली. खोलीतील शेकोटी पेटवावी तर धूर कोंडे, विझवावी तर गारठा. ११ मार्च १८८६ रोजी पदवी हाती आली, तोवर प्रकृती ढासळली होती.